शेंगोळ्यांचा हिवाळा

हुलगा उपटून खळ्यावर टाकला की त्याच्या शेंगा उन्हानं आपोआप तडकतात. हात लावायची गरज नसते. दुपारची वेळ, माणसं बाभळीखाली आडवी झालेली, कुत्रंसुद्धा गप्प, आणि खळ्यावर आपला बारीक आवाज चाललेला असतो, तट... तट... कोणी बसल्याबसल्या बोटं मोडावीत तसा. दाणे उडून पायाशी येतात. गर्भगिरीच्या डोंगरावरून गार वारा उतरतो, ऊन मात्र चटका देतं. निम्मं अंग थंड, निम्मं गरम. हा आवाज आला आणि अंगाचं असं झालं की मार्गशीर्ष आला म्हणायचं. सून भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगते. मला त्याची गरज पडत नाही.

आता आमच्या पाथर्डीकडं हुलगा फारसा कोणी पेरत नाही. जमीन कपाशीला जाते, माणसं ऊसतोडीला जातात. पोरगा म्हणतो, दादा, बाजारात किलोनं मिळतो, कशाला रान अडवायचं. मी म्हणालो, मिळत असंल, मला माझ्या रानातला पाहिजे. तीन वर्षं भांडलो तेव्हा बांधाच्या कडेची चार तासं, पेरणीच्या चार ओळी, मिळाली. यंदा त्यात दोन पायल्या हुलगा झाला. दोन पायल्यांसाठी एवढा तमाशा, असं घरात बोलतात. माझ्यामागं बोलतात, पण मला ऐकू चांगलं येतं.

परवा त्याचं दळण आलं. सुनेनं पिठाचा डबा उघडला आणि मी ओसरीवर होतो तिथपर्यंत वास आला. हुलग्याच्या पिठाला भाजल्यासारखा, थोडा मातकट वास असतो. चांगला म्हणता येणार नाही. पण त्यात ठेचलेला लसूण पडला, लाल मिरची पडली, की तेच पीठ वेगळं होतं. सुनेनं परात पालथी घातली आणि तिच्यावर शेंगोळी वळायला बसली. पुण्याची नात आली होती, ती मोबाईलवर फोटो काढत होती. ती म्हणाली, आजोबा, आम्ही पण असंच करतो, पिठाच्या नळ्या उकडायच्या आणि तेलात लसूण परतून त्यात घोळवायच्या. त्याला पास्ता म्हणतात. घरात काही नसलं की तेच.

तिचा पास्ता मी खाल्ला नाही, त्यामुळं त्याला नावं ठेवत नाही. पण घरात काही नसलं की करायचं, हे पोरीनं बरोबर सांगितलं. शेंगोळं त्यातलंच. भाजी नाही, डाळ नाही, बाजार चार दिवस लांब. उतरंडीच्या खालच्या गाडग्यात हुलग्याचं पीठ असतं, आढ्याला लसणाची वेणी टांगलेली असते, मीठ-मिरची असते, आणि तेलाच्या बुधल्याच्या बुडाला तेल म्हणावं असं काहीतरी असतं. एवढ्यावर घर जेवतं. नातीनं विचारलं, तुम्हाला येतं का करता. मी म्हणालो, येतं. तिला वाटलं म्हातारा फुशारकी मारतोय. फुशारकी मी मारतो, तो माझा स्वभाव आहे, पण ही ती नव्हती. मला शेंगोळं येतं. ज्या हिवाळ्यात ते शिकलो त्याबद्दल मी आजवर अर्धंच सांगत आलो.

तेव्हा इंग्रजांची दुसरी मोठी लढाई चालू होती. आमच्या गावातून दोघं पलटणीत गेले होते. बाकी आम्हाला लढाई कळायची ती रॉकेल मिळेना, कापड मिळेना, काड्यापेटी मिळेना यावरून. विस्तव एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर गोवरीवर ठेवून जायचा. लेव्हीची, सरकारी धान्यवसुलीची माणसं यायची, ज्वारी-बाजरी घेऊन जायची. हुलग्याकडं ढुंकून बघायची नाहीत. ते बैलाचं खाणं. त्यामुळं आमच्यासारख्यांच्या घरात दुसरं काही नसलं तरी हुलगा असायचा, आणि बैल आणि माणूस एकाच गाडग्यातलं खायचे.

मी विशीच्या पुढं गेलो होतो. तिसरीतून शाळा सोडलेली. बाप पटकीच्या साथीत गेला तेव्हा मी सोळाचा होतो, आणि त्याच दिवसापासून घरचा गडी झालो. माझ्या आधीची आईची दोन मुलं गेली होती, म्हणून माझं नाव दगडू ठेवलं, दगडाला कोणी नेत नाही म्हणून. लहानपणापासून ऐकत आलो, नाव ठेवलं तसाच निघाला. ऐकून ऐकून मला त्याचा अभिमानच वाटायला लागला होता. कोणापुढं वाकायचं नाही. चुलत्याशी बांधावरून वाजलं होतं, बोलणं बंद होतं. दोन घरांत एक गडगा, कमरेएवढा, दगडावर दगड ठेवलेला. त्या गडग्यापलीकडं आमची चुलती, गंगूनानी, भाकरी थापायची तो थपथप आवाज आमच्या चुलीपाशी ऐकू यायचा. पण माणसं एकमेकांना नव्हती.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. सातवा सरत आला होता. घरात मी, आई, दोन बैल, एक शेळी.

सकाळची वेळ. मी बैलांची वैरण सोडत होतो. आत आई हुलगा भरडत होती. जात्याचा आवाज थांबला. दाणे टाकायला थांबली असंल म्हणून मी वैरण पसरली, शेण ओढलं. जातं परत फिरेना. तरी मी लगेच गेलो नाही. बादली भरली आणि मग गेलो. ती जात्यावर कलली होती. हात खुंट्यावरच होता, पण त्याला खुंटा धरल्याचं कळत नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलं होतं, जसं कोणी पदर ओढावा. मला बघून ती काही बोलायला गेली आणि 'ब...ब' एवढंच आलं. तिला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं. तो चेहरा मला आज या वयातही तसाच दिसतो. घाबरलेला नव्हता. हे काय आलं तोंडातून, असा होता.

गावातला म्हातारा वैद्य आला. त्यानं डोळे बघितले, पायाला टोचून बघितलं, आणि म्हणाला, वारं गेलंय अंगावरून. उजवी बाजू गेली. कधी येते, कधी येत नाही. मी विचारलं, औषध काय. त्यानं पुड्या दिल्या. मग उठताना म्हणाला, खरं औषध पोटातच आहे. लसूण वारं मोडतो, हुलगा अंगात ऊब आणतो. पोटात अन्न जात राहिलं तर बाई उठंल. अन्न बंद झालं तर माझ्याकडं यायची तसदी घेऊ नको.

गाडीत घालून तालुक्याच्या डॉक्टरलाही दाखवून आणलं. खडखड रस्ता, गाडीत गवत घातलेलं, आईच्या डोक्याखाली माझा हात. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, पडून राहू द्या. पडून तर ती राहतच होती.

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. बायकोला बोलवा, असं लोक म्हणाले. दोनजीवाच्या बाईला बैलगाडीत हाणत आणू काय, म्हणालो. ते खरं होतं. पण गंगूनानीनं तिच्या पोरीच्या हातून कालवणाची वाटी पाठवली ती मी दारातून परत पाठवली, त्यात खरं काही नव्हतं. आमच्या घरात चूल पेटती म्हणावं, असा निरोप दिला. आतून आईनं 'ब...' केलं. मला वाटलं, शाबास म्हणतेय.

आता गड्यानं चुलीपुढं बसायचं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कळायचं नाही. हाटेलात गडीच तर करतात, म्हणतील. तेव्हा चुलीपुढं बसलेला गडी बघून लोक विहिरीवर आठवडाभर हसले असते. मी दार लावून घ्यायचो. धूर कोंडायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण दार उघडायचो नाही. आई भिंतीकडच्या अंथरुणावरून बघायची.

पहिल्या दिवशी शेंगोळी पाण्याला उकळी यायच्या आधीच सोडली. सगळं विरघळून लापशी झाली. दुसऱ्या दिवशी पीठ सैल झालं. वळताना हाताला चिकटायला लागलं, तोडून तोडून टाकलं, त्याचे गोळे झाले, वरून शिजलेले आणि आतून कोरडे. मग एक दिवस लसूण करपला. करपलेल्या लसणाला जो कडूपणा येतो तो झाकता येत नाही, मीठ घाला का मिरची. त्या दिवशी तेल संपत आलेलं, नाहीतर टाकून परत केलं असतं.

पण शिकलो. अडेल माणूस मठ्ठ असतो असं नाही. बोटभर लसूण घ्यायचा नाही, मूठभर घ्यायचा. जिरं, मीठ, मिरचीबरोबर ठेचायचा, निम्मा पिठात आणि निम्मा फोडणीत. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, म्हणजे धरून राहतं. घट्ट मळायचं. तळव्यावर वळ काढायचा, दोन्ही टोकं जुळवून त्याचं कडं करायचं. पाणी खदखदलं की एकेक सोडायचं आणि मग पळीला हात लावायचा नाही. घाई केली की मोडतं. झाकण ठेवून गप्प बसायचं. शेवटी चिमूटभर पीठ पाण्यात कालवून वरून सोडायचं, की रस्सा दाट होतो. हे मला कोणी सांगितलं नाही. आईला सांगता येत नव्हतं. मी मोडून मोडून शिकलो.

पाचव्या की सहाव्या दिवशी शेंगोळं बरोबर झालं. दिवेलागणीची वेळ होती. ताट भरलं, एकेक शेंगोळं बोटानं मऊ केलं, रश्शात कालवलं आणि आईपुढं नेऊन ठेवलं. तिला भिंतीला टेकवून बसवलं. वासानंच माझी भूक खवळली होती. पण आधी तिला. आजारी माणूस उपाशी आणि आपण जेवायचं, असलं माझ्या हातून होणार नव्हतं. सकाळी थापलेली जाड भाकरी फडक्यात बांधून मी रानात न्यायचो, ती दुपारी बांधाला बसून खायचो. घरी मात्र तिच्या आधी घास घ्यायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. कोणाला बोललो नव्हतो. मनाशी शपथ घेतल्यासारखं.

आईनं ताटाकडं बघितलं. डाव्या हातानं ते लोटलं.

मी म्हणालो, "आये, चांगलं झालंय आज. खा."

तिनं परत लोटलं. तोंड फिरवलं. मी घास तोंडाशी नेला तर ओठ घट्ट मिटले. अर्ध्या तोंडाला ते मिटताही येत नव्हते, तरी मिटले. त्याच्या आधीचे दिवस मी समजून घेतले होते. लापशी झाली होती, करपलं होतं, कोण खाईल. पण आज बरोबर झालं होतं. आज धुरात बसून, दार लावून, बायकी काम करून मी बरोबर केलं होतं. माझं डोकं फिरलं. मी ताट उचललं, दार उघडलं आणि सगळं नेऊन बैलापुढच्या घमेल्यात ओतलं. तांबड्या बैलानं मिरचीच्या वासानं नाक फुरफुरलं, मागं सरकला, मग जिभेनं चाटून पुसून खाल्लं. आत येऊन बघतो तर आई दाराकडंच बघत होती. तिनं सगळं बघितलं होतं. मी आईला म्हणालो, बैलाला चालतं. आणि पातेल्यात उरलेलं तसंच ठेवून, काही न खाता, घोंगडी ओढून पडलो.

हे मी आजवर सांगितलं नव्हतं. गावात लोक म्हणायचे, दगडूनं आईची सेवा केली, गड्यानं चूल फुंकली, श्रावणबाळ म्हणायचा तो असा. मी ऐकून घ्यायचो. मिशीवरून हातही फिरवला असंल. सेवा केली हे खोटं नाही. पण घमेल्यातलं कोणाला सांगितलं नाही.

असं पुढं चार-पाच दिवस चाललं. दिवसभर रानात हुलगा बडवायचा. काठी पडली की भुसा उडायचा, घशात जायचा, दुपारच्या उन्हात अंगाला खाज सुटायची. आणि डोक्यात एकच, आज संध्याकाळी ती खाईल का. घरी यायचं, लसूण सोलायचा. बोटांना त्याचा वास इतका बसला होता की भाकरी खाताना आधी तोच यायचा. शेंगोळं करायचं, तिच्यापुढं ठेवायचं. ती लोटायची. मी बैलापुढं ओतायचो. उपाशी झोपायचो. तिची कूस बदलताना तिच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. सकाळी शेळीचं दूध मात्र ती घ्यायची, दोन-चार चमचे. मला काही उलगडा होत नव्हता. दूध चालतं, मग माझ्या हातचं शेंगोळं का नाही. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी गळतच असायचं, वारं गेल्यापासून. म्हणून डाव्या डोळ्यातलं मला ओळखू आलं नाही.

माणूस समोर असतं आणि विचारता येत नाही, यासारखं दुसरं नाही. विचारता येतं खरं तर, मी विचारायचो, मीठ कमी आहे का, तिखट लागतं का, दात दुखतात का. ती 'ब...ब' करायची आणि हात माझ्याकडं करायची. मला वाटायचं, जा म्हणतेय. मी जायचो. दगड तरी बरा, त्याला आपल्याला सगळं कळतं असं वाटत नाही.

गंगूनानी आली ती गडग्यावरून आली. दारातून यायचं तिच्या नवऱ्यानं बंद केलं होतं, गडग्याचं काही बोलला नव्हता. लुगडं खोचून ती पन्नाशीची बाई दगडावर पाय देऊन इकडं उतरली तेव्हा मी बैलापुढं ताट ओतत होतो. ऊन उतरलं होतं, अजून उजेड होता.

"दगड्या, बैल लई माजवलास रं," ती म्हणाली.

मी ताट घमेल्याच्या काठावर झाडलं.

"लसणाचा वास आमच्या चुलीपतुर येतो रोज. जिभंला पानी सुटतं. आन् जेवतो कोन, तर तांबड्या. ती खाती का काई?"

"न्हाई. माझ्या हातचं न्हाई चालत तिला."

"आन् तू?"

"ती खाल्ल्याबिगर मी कसा खाऊ?"

नानी उंबऱ्यापाशी आली. मग तिनं विचारलं, आजारी पडल्यापासून आईच्या समोर एकदा तरी जेवलास का. मी छाती काढून सांगितलं, एकदाही नाही. नानीनं कपाळावर हात मारून घेतला आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"आरं मुडद्या. तुझा बाप गेला तवा तू सोळा वर्साचा. त्या दिसापासनं तू घरचा गडी. तू जेवल्याबिगर तिनं कंदी घास घेतला का? तू बाजारहून उशिरा यायचास तर ती दाराला टेकून बसायची, मी सोता बघितलंय. आता आंथरुनात पडली म्हून तुझ्या आदी खाईल व्हय? ताट लोटती म्हनं. तुझ्याकडं लोटती, येड्या. जेव म्हनती."

आत आई भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू सगळं जात होतं. तिनं डावा हात उचलला आणि परत खाली टाकला. जसं एखादं ओझं शेवटी खाली ठेवावं.

नानीनं मला चुलीपुढं बसवलं. पातेल्यात तळाला थोडं होतं, ते तिनं ताटात काढलं आणि म्हणाली, जेव, तिच्या म्होरं. मी जेवलो. काय लागलं जिभेला ते मला आठवत नाही. आई माझ्या हाताकडं बघत होती, हात ताटातून तोंडाकडं जातो, परत ताटात येतो, तेवढंच. मग माझ्या ध्यानात आलं. सकाळी दूध देताना ते धुरकटलं का, गरम आहे का, म्हणून मी आधी एक घोट घ्यायचो. म्हणून दूध चालत होतं.

मी जेवून झालो. नानीनं वाटीत शेंगोळं कुस्करलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. आईनं तोंड उघडलं. लगेच उघडलं, लहान पोरासारखं. घास आत गेला, आणि गिळला जाईना. तिला ठसका लागला, मानेच्या शिरा ताणल्या. नानीनं बोट घालून घास बाहेर काढला. थोड्या वेळानं परत दिला. परत तेच. वैद्याला बोलावलं. वारं घशात उतरलंय, म्हणाला. पातळ द्या. त्यानं माझ्याकडं बघितलं पण काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आठ-दहा दिवस आधी तो घास गेला असता का? साठ वर्षं झाली, मी हा प्रश्न उलटसुलट करून बघितला आहे. कधी वाटतं, गेला असता, ती उठली असती, नातू मांडीवर घेतला असता. कधी वाटतं, घसा तसाही धरला असता, वारं कोणाचं ऐकत नाही. दोन्हीपैकी कुठलं खरं ते सांगणारं कोणी राहिलं नाही. वैद्य गेला, नानी गेली. चुलत्याशी पुढं बोलणं सुरू झालं, तोही गेला. मी कोणापुढं वाकलो नाही असं म्हणतो, पण या प्रश्नापुढं रोजच बसलेलो असतो.

त्यानंतरचे दिवस मात्र, खोटं कशाला बोलू, बरे गेले. संक्रांत जवळ आली होती. हवेत तीळ भाजल्याचा वास असायचा, उन्हात बोरं वाळत पडलेली असायची. दार मी आता उघडं ठेवायचो. विहिरीवर हसायचं त्यांनी हसावं. नानी गडग्यावरून डोकावून दोन शब्द सुनवायची, मीठ बघ, नाहीतर बैल नाराज व्हईल, असं. दिवेलागणीला मी आईसमोर बसून शेंगोळी वळायचो. जाड झालं की ती डाव्या हाताची करंगळी वर करायची, एवढं बारीक कर, म्हणून. मी बारीक करायचो. बोलता येत असताना तिनं मला कधी काही शिकवलं नव्हतं, पोरगा होतो म्हणून. आता शिकवत होती. शिजलं की मी ताट घेऊन तिच्यापुढं बसायचो आणि पोटभर जेवायचो. भूक नसली तरी जेवायचो. ती बघायची. मी एक शेंगोळं जास्त घेतलं की तिच्या तोंडाची चांगली बाजू हलायची. माझं झालं की तिला वरचा रस्सा, दोन चमचे, कधी तीन. दोन चमच्यांवर माणूस किती दिवस राहील. ते मला कळत होतं. तिलाही कळत असंल. पण पोरगा समोर जेवतोय, यापुढं तिला काही नको होतं, आणि मला तिला द्यायला दुसरं काही नव्हतं.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. त्या दिवशी रानातलं काम संपलं होतं, भुसा भरून झाला होता. मी लवकर आलो. शेंगोळं छान जमलं, एकही मोडलं नाही. तिच्यासाठी रस्सा वाटीत काढून निवायला ठेवला आणि जेवायला बसलो. गरम होतं, म्हणून मान खाली घालून फुंकून फुंकून खात होतो. खाताना बोलत होतो. हुलगा किती झाला, तांबड्याचा पाय दुखावलाय, सासऱ्याचा निरोप आलाय की पुढच्या महिन्यात बाळंतपण होईल. नातू झाला तर नाव काय ठेवायचं, असं विचारलं. आणि मान वर केली.

ती भिंतीला टेकून तशीच बसली होती. डोळे उघडे होते, माझ्या ताटावर. पण बघत नव्हते.

कुठल्या घासाला ती गेली, मला माहीत नाही. बैलाचं सांगत होतो तेव्हा, का निरोपाचं सांगत होतो तेव्हा. एवढंच माहीत आहे की मी जेवत होतो.

घरात माणूस गेलं की चुलीवरचं ओतून देतात, तोंडात पाणीही घेत नाहीत. ते मला ठाऊक होतं. ताटात दोन शेंगोळी उरली होती. मी तिच्याकडं बघत ती दोन्ही खाल्ली, ताट बोटानं पुसून घेतलं, आणि मग गडग्यापाशी जाऊन नानीला हाक मारली.